दुसऱ्या रात्री बॅटरी उतरते: ट्रेलरला कोणती घ्यावी, कशी चार्ज करावी?

रातकिडा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आमचा गाडीमागे ओढायचा मध्यम आकाराचा ट्रेलर आहे. पुढच्या दांडीवर पेटी, पेटीत १०० एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास, साठ्याचं माप) दोन एजीएम बॅटऱ्या (शिशाच्याच, पण बंद, पाणी न घालायच्या), तीन वर्षं जुन्या. शिवाय १०० वॅटचं एक घडीचं सोलर पॅनेल. वीजजोड मिळतो अशा तळांवर आजवर काही त्रास झाला नाही. या वेळी पहिल्यांदाच, जिथे काहीच नाही अशा जागी तीन रात्री काढायचं ठरवलं. थंडी होती. पहिली रात्र निघाली. दुसऱ्या रात्री साडेतीनला जाग आली ती हीटरच्या पंख्याचा सूर खाली गेला म्हणून. दम लागल्यासारखा कण्हत होता. उठून मीटर लावला तर ११.४ व्होल्ट. दहा मिनिटांत पंखा गप्प, आणि उरलेली रात्र आम्ही चौघं असतील नसतील ती पांघरुणं घेऊन बसलो.

जाताना सहा तास गाडी चालवली होती, म्हणजे बॅटऱ्या फुल होत्याच. मग आता चार एजीएम घेऊ की लिथियम? मला फक्त पुन्हा असं व्हायला नकोय.

हलकी बॅग

लिथियम घ्या, विषय संपला. १०० एएचच्या शिशाच्या बॅटरीतून आयुष्य राखून वापरायचे तर ५० एएच मिळतात. लिथियममधून ८०-९० सहज काढा. वजन ३० किलोच्या जागी १२-१३ किलो. शेवटपर्यंत व्होल्टेज पडत नाही, म्हणजे तुमचा पंखा कण्हणार नाही. आणि चार्जर देईल तेवढा करंट ती गटागटा पिते.

गंजका पाना

रातकिडा, इतक्यात पाकीट काढू नका. हलकी बॅग म्हणतात त्यात खोटं काही नाही, पण प्रश्न वेगळा आहे. नावाला २०० एएच असताना दीड दिवसात सगळं संपलं, म्हणजे एकतर खर्च भरमसाठ आहे, नाहीतर मुळात भरलंच नव्हतं. गळका हौद मोठा केला तर पाणी जास्त वेळ गळतं, एवढंच.

तर आधी उत्तरं द्या. फ्रीज कुठल्या जातीचा, आणि प्रवासात कशावर ठेवता? ट्रेलरमधल्या चार्जरवर, म्हणजे कन्व्हर्टरवर, किती व्होल्ट लिहिलेत? बॅटरी किती भरली आहे हे तुम्हाला कशावरून कळतं? आणि दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना कशा जोडल्यात, त्याचा फोटो नाही तर निदान वर्णन.

रातकिडा

पाना काका, धन्यवाद. फ्रीज तिन्हीवर चालणारा: गॅस, मेन्स, १२ व्होल्ट. रस्त्यावर अर्थातच १२ व्होल्टवर. कन्व्हर्टरवर १३.६ लिहिलंय. बॅटरीची पातळी भिंतीवरच्या चार दिव्यांवरून बघतो, निघताना चारही लागलेले होते. जोडणीत दोन्हीकडच्या जाड तारा पहिल्या बॅटरीवर आल्यात आणि तिथून छोटे तुकडे दुसरीवर गेलेत.

सावलीची वाट

ते चार दिवे म्हणजे निव्वळ शोभेची वस्तू. :-) चार्जर लावून नुकताच काढला की अर्धी बॅटरीसुद्धा चार दिवे दाखवते.

शिशाच्या बॅटरीचं व्होल्टेज तिला चार-पाच तास आराम दिल्यावर, काही चालू नसताना बघायचं. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास आली की निम्मी. लोड चालू असताना दिसणारा आकडा यात धरू नका. लिथियमला तर हाही उपाय नाही: १३.१-१३.३ व्होल्टच्या आसपासच ती बहुतेक वेळ घालवते, ८० टक्के आणि ४० टक्के यांत मीटरवर जेमतेम फरक. तिथे शंट असलेला मॉनिटरच हवा, जो आत-बाहेर गेलेला प्रत्येक अँपिअर मोजतो. खरं तर शिशालाही तो हवाच. आमच्या ट्रेलरमध्ये सगळ्यात आधी काय घ्यायला हवं होतं असं मला आज कोणी विचारलं तर मी शंट सांगेन, बॅटरी नाही.

ओहमकार

मला फ्रीजचा संशय आहे. या जातीच्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, आतला द्रव तापवून थंडावा तयार होतो. १२ व्होल्टवर तो म्हणजे एक शेगडीच. दहा-पंधरा अँपिअर, आणि जवळजवळ सतत.

आता गाडीकडून काय येतं ते बघा. ट्रेलरच्या प्लगमधली चार्जिंगची तार समजा २.५ चौरस मिलीमीटरची आहे. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत १० मीटर, जाऊन-येऊन २०. एवढ्या तांब्याचा रोध साधारण ०.१५ ओहम. त्यातून १० अँपिअर गेले की दीड व्होल्ट वाटेतच संपला. गाडीच्या जनित्राने, म्हणजे अल्टरनेटरने, १४.२ दिले तरी बॅटरीपाशी १२.७ पोचणार, आणि १२.७ ला बॅटरी काय कपाळ चार्ज होणार! त्यात नव्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज मध्येच खाली आणतात.

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजतो तो) मिळवा. नीट बघून घ्या, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात. गाडी चालू ठेवून प्लग जोडा आणि एकेक तार पकडून आकडे लिहा.

रातकिडा

मित्राचा मीटर आणला. आकडे असे:

गाडी चालू असताना प्लगमधून येणारा करंट: ६ अँपिअर.
फ्रीज १२ व्होल्टवर: १४ अँपिअर.
हीटरचा पंखा: ७ अँपिअर.
सगळं बंद केल्यावरही: ०.५ अँपिअर. हे कोण खातं?

आणि एक विचित्र. गाडी बंद करून पंखा आणि दिवे लावले, एकूण साडेदहा अँपिअर. यातले पहिल्या बॅटरीतून ९ आणि दुसरीतून फक्त १.५. असं का?

ओहमकार

म्हणजे सहा तासांच्या प्रवासात तुम्ही बॅटरी भरत नव्हता, तासाला ८ एएच उपसत होता. तळावर पोचेपर्यंत ४८ एएच गेले. "सहा तास गाडी चालवली म्हणजे फुल" हे वाक्य आता विसरा.

तो अर्धा अँपिअर गॅसच्या अलार्मचा, फ्रीजच्या बोर्डाचा, रेडिओच्या घड्याळाचा. दिवसाला १२ एएच. अलार्म मात्र तोडू नका.

गंजका पाना

९ आणि १.५ वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. दोन सारख्या बॅटऱ्यांत थोडा फरक असतो, इतका नाही. दुसऱ्या बॅटरीकडे जाणारा जोड बघा. पंखा वीस मिनिटं चालू ठेवा आणि मग एकेका लगला, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या कड्याला, बोट लावा. जो कोमट लागेल तो चोर. पान्याची धातूची बाजू चुकूनही दोन्ही टर्मिनलांवर एकदम टेकवू नका. मी एकदा टेकवली होती, पाना तिथेच चिकटला, आणि माझं इथलं नाव तिथूनच आलं.

मग दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करून चांगल्या चार्जरने १४.४ ते १४.७ पर्यंत पूर्ण भरा (बॅटरीवर छापलंय तो आकडा प्रमाण माना), रात्रभर ठेवा आणि एकेकीवर १२ व्होल्टचे ३० वॅटवाले दोन दिवे लावा. ५ अँपिअर झाले. १०.५ व्होल्टला किती तासांनी येते ते मोजा. बॅटरीवर लिहिलेले १०० एएच याच हिशेबाने असतात: ५ अँपिअर, २० तास. जास्त करंट ओढला तर शिशाच्या बॅटरीतून एकूण एएचही कमीच मिळतात. पॉयकर्ट नावाच्या गृहस्थाने १८९७ मध्येच हे मांडून ठेवलंय.

रातकिडा

काका, चोर सापडला. दुसऱ्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलवरचा लग. कोमट कसला, बोट मागे घ्यावं लागलं. नट बोटांनी फिरला, वॉशरखाली हिरवट-पांढरी पूड.

दिव्यांची परीक्षाही केली. पहिली बॅटरी १४ तास १० मिनिटं टिकली, म्हणजे ७१ एएच. दुसरी ७ तास ३५ मिनिटं, ३८ एएच.

गंजका पाना

करा आता गोळाबेरीज. ७१ आणि ३८ मिळून १०९. वाटेत फ्रीजने ४८ खाल्ले, उरले ६१. पहिल्या रात्री पंखा निम्मा वेळ चालला असेल तर ३५, वर अलार्म, दिवे धरून ४५ च्या घरात. सकाळी राहिले १५-१६. तुमच्या पॅनेलने थंडीतल्या उन्हात २० दिले, दिवसभरात ९-१० गेले. दुसऱ्या रात्रीला हातात २५-२६. साडेतीनच वाजायला हवे होते.

दुसरी बॅटरी का मेली? तिला तीन वर्षं पोटभर चार्ज मिळालाच नाही. एकतर सैल लग, दुसरं १३.६ वर अडकलेला कन्व्हर्टर. १३.६ हे भरलेली बॅटरी भरलेली ठेवायला ठीक आहे, रिकामी भरायला नाही. अर्धपोटी राहिलेल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ते सुटत नाहीत. पहिलीचे ७१ झाले तेही त्यामुळेच. वापरून जितक्या शिशाच्या बॅटऱ्या मरतात, त्याहून जास्त मी अशा उपासमारीने मेलेल्या पाहिल्यात.

वाचनमात्र २

रस्त्यावर फ्रीज गॅसवर ठेवला तर? आम्ही तसंच करतो.

सावलीची वाट

मी नाही करणार. चालत्या ट्रेलरमध्ये गॅसची ज्योत, आणि नळी कुठे निसटली तर? इंधन भरायला थांबताना आणि बोगद्यात तर नाहीच नाही. आदल्या दिवशी मेन्सवर फ्रीज गार करून, आतलं सामानही गार करूनच भरते आणि निघताना बंद करते. दार उघडलं नाही तर चार-पाच तास काही होत नाही.

वाचनमात्र २

आम्हाला दहा वर्षांत काही झालं नाही हो.

सावलीची वाट

न होवो. पण सिलिंडर बंद करायला दहा सेकंदं लागतात.

हलकी बॅग

बरं, आता तरी लिथियम म्हणू का? :-)

गंजका पाना

म्हणा, म्हणा. पण त्यांना निवडू द्या. माझ्या मते रातकिड्यांपुढे तीन वाटा आहेत.

एक, पाण्याच्या बॅटऱ्या: गोल्फच्या गाड्यांत असतात तशा ६ व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये, २२० एएचच्या आसपास. जाड प्लेटा, मार खाणारी जात. ११० वापरायला मिळतात. पण डिस्टिल्ड वॉटर बघत राहावं लागतं, वजन दोन्ही मिळून साठ किलोच्या घरात, आणि चार्ज होताना हायड्रोजन निघतो म्हणून झोपायच्या जागेत ठेवायच्या नाहीत. उतरलेली राहिली तर कडक थंडीत गोठून फुटतेही, भरलेली गोठत नाही. शिवाय कुठलीही शिशाची बॅटरी शेवटचे वीस टक्के भरायला तासन्तास घेते, तुम्ही कितीही मोठा चार्जर लावा. गाडी सुरू करायची बॅटरी मात्र स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. तिच्या प्लेटा पातळ, दोन सेकंद जोर लावायला केलेल्या. खोल उपसली की थोड्याच दिवसांत बसते.

दोन, पुन्हा एजीएम. पाणी घालणं नाही, आडवीतिडवी ठेवा. बाकी सगळं शिशाचंच.

तीन, लिथियम, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट). जे वीजजोडावरच राहतात त्यांनी उगाच खर्च करू नये असं माझं मत. पण तुम्ही रानात जाणार, थंडीत जाणार, म्हणून तुम्हाला तीच सांगेन. अर्धी भरलेली ठेवली तरी तिला सल्फेट धरत नाही, आणि रानात बॅटरी कायम अर्धीच असते. हे एक कारण मला वजनापेक्षा मोठं वाटतं.

सावलीची वाट

थंडीचं विसरू नका! लिथियम शून्य अंशाच्या खाली वापरता येते, चार्ज करता येत नाही. केली तर आत धातूचं लिथियम साचतं आणि बॅटरी कायमची बिघडते. चांगल्या बॅटरीचा बीएमएस (आतलं राखणदार सर्किट) अशा वेळी चार्जिंग तोडतो. पण तोडतो म्हणजे सकाळी लख्ख ऊन आणि पॅनेलमधून शून्य अँपिअर. म्हणून दांडीवरच्या पेटीत नको, आत ठेवा, पलंगाखाली. एलएफपी वायू सोडत बसत नाही, त्यामुळे चालतं.

आणि आत हलवताना आपत्कालीन ब्रेकच्या खटक्याची तार विसरू नका. ट्रेलर गाडीपासून सुटला तर तो खटका ट्रेलरच्याच बॅटरीवर ब्रेक लावतो. ती तार मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवर हवी (फ्यूजसह). बॅटरी संपून बीएमएसने हात वर केलेले असताना ट्रेलर रस्त्यावर काढू नका.

हलकी बॅग

हे ब्रेकचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. आज रात्री आधी तेच तपासतो.

रातकिडा

लिथियम नक्की केली. आता चार्जिंगचं सांगा. तोच प्लग, तोच कन्व्हर्टर चालेल?

ओहमकार

नाही.

कन्व्हर्टर बदला किंवा त्याचा चार्जरचा भाग बदला. १४.२ ते १४.६ देणारा, लिथियमची सेटिंग असलेला. ४५ अँपिअरचा पुरे.

गाडीकडून येणाऱ्या चार्जसाठी डीसी-डीसी चार्जर, ३० अँपिअरचा. तो येईल ते पडकं व्होल्टेज उचलून बॅटरीला हवं तेवढं करतो, आणि करंटला लगामही घालतो. लगाम महत्त्वाचा, कारण लिथियम थेट अल्टरनेटरला जोडली तर ती एवढी ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. ३० अँपिअर आत घालायला गाडीकडून ४० च्या आसपास घेतले जातात, तेव्हा जुना प्लग विसरा. वेगळी १६ चौरस मिलीमीटरची जोडी टाका, मागे ॲन्डरसन प्लग (मोठ्या करंटसाठीचा). त्याच २० मीटरला आता एका व्होल्टच्या आतच पडेल.

फ्यूज दोन्ही टोकांना, बॅटरीच्या जितका जवळ जमेल तितका. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते, साधा फ्यूज वितळूनही आत ठिणगी चालू राहते. तिथे क्लास-टी जातीचा फ्यूज घ्या. हा महाग असतो. तरी घ्या.

गंजका पाना

सोलरबद्दल एकच. पॅनेलवर लिहिलेले वॅट छपरावर सपाट ठेवून मिळत नाहीत. १०० वॅटमागे चांगल्या उन्हात दिवसाला २५ एएच धरा, थंडीत त्याहून कमी. एका फांदीची सावली अर्धं पॅनेल मारते. ट्रेलर सावलीत आणि घडीचं पॅनेल लांब तारेवर उन्हात, ही जोडी मला आवडते. एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) घ्या, थंडीत त्याचा फायदा जास्त दिसतो.

जनरेटर असेल तर तो सकाळी लवकर, संध्याकाळी नाही. रात्रभर उपसलेली बॅटरी तेव्हा पूर्ण करंट घेते, म्हणून थोड्या वेळात जास्त काम होतं. शेवटचा सावकाश भाग सोलरकडे सोपवा. शेजारी कोणी उतरलं असेल तर लवकर म्हणजे किती लवकर, हे आपलं आपण ठरवा.

वाचनमात्र २

आत्ता एक घेऊन पुढे आणखी एक जोडली तर चालेल का? आणि इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह?

ओहमकार

त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, फार उशीर न करता. समांतर जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरून घ्या, नाहीतर जोडताक्षणी भरलेली रिकामीत धो-धो ओतते. धन तार एकीवरून आणि ऋण दुसरीवरून, तिरपी घ्या, म्हणजे दोघींना सारखं काम पडतं. लिथियम आणि शिसं एकत्र बांधू नका.

मायक्रोवेव्ह आत घेतो १५०० वॅट. इन्व्हर्टरची गळती धरून १४० अँपिअर. १०० अँपिअरचा बीएमएस क्षणात तोडेल आणि दिवेही जातील. गॅस आहे ना?

रातकिडा

दोन महिन्यांनी परत आलोय, उशिराबद्दल क्षमस्व.

शेवटी १०० एएचची एकच एलएफपी घेतली. धागा काढला तेव्हा ४०० चा विचार करत होतो! बाकी पैसे शंट, डीसी-डीसी, तारा, नवा कन्व्हर्टर आणि आणखी एक १०० वॅटचं पॅनेल यांत गेले. बॅटरी पलंगाखाली, ब्रेकच्या खटक्याची तार थेट तिच्यावर. निघायच्या आधी खटक्याची पिन ओढून ट्रेलर पुढे घ्यायचा प्रयत्न केला, चाकं घट्ट. फ्रीज प्रवासात बंद.

त्याच जागी गेलो, तितक्याच थंडीत. पोचलो तेव्हा शंट १०० टक्के. पहिल्या सकाळी ५४. दिवसभर ऊन, संध्याकाळी ८५. दुसऱ्या सकाळी ३९. त्या दिवशी आभाळ भरलेलं, दोन्ही पॅनेलं मिळून जेमतेम १५ एएच, म्हणून जनरेटर अर्धा तास चालवला. शेवटच्या सकाळी २१ टक्के, आणि पंखा पहिल्या रात्रीच्याच सुरात. साडेतीनला मला मात्र तिन्ही रात्री जाग आली. सवय.

गंजका पाना

वा! जुन्या दोन्ही बॅटऱ्या भंगारवाल्याकडे द्या, शिसं पुन्हा वापरात येतं. कचऱ्यात टाकू नका. आणि तो लग कोणी सैल सोडला होता, ट्रेलर विकणाऱ्याने? त्याला जाब विचारला की नाही?

रातकिडा

हेच कोणी विचारू नये म्हणून दोन महिने गप्प होतो. अडीच वर्षांपूर्वी पेटी रंगवायला दोन्ही बॅटऱ्या काढल्या होत्या. परत बसवताना पाऊस आला, शेवटचा नट हाताने फिरवून ठेवला, म्हटलं उद्या पान्याने आवळू.